खिळेमास्तरांचा घसा

खिळेमास्तरांना जगातल्या बहुतेक गोष्टींचा तिटकारा होता आणि तो लपवण्याचे कष्ट ते घेत नसत. फोमच्या गाद्या. बसल्या बसल्या “अय्या, किती मऊ” म्हणणारी गिऱ्हाइकं. हवेच्या दाबावर चालणारी पिनांची बंदूक. आणि गोळी गिळायला पेलाभर पाणी मागणारी माणसं.

“गोळी केवढी, पाणी केवढं!” ते म्हणत. “चणा खायला कोणी विहीर मागतं का?”

सोफे आणि खुर्च्या नव्याने मढवायचा त्यांचा धंदा. जुनं कापड फाडायचं, आतला काथ्या पिंजायचा, पट्टे ताणायचे, स्प्रिंगा सुतळीने बांधायच्या आणि वर नवं कापड खिळ्यांनी बसवायचं. कारखाना म्हणजे एक लांब खोली, रस्त्याकडे उघडणारी. दारात पायरी, आत धूळ आणि सरसाचा वास.

मास्तरांचं खरं अवजार हातोडी नव्हतं. त्यांचं तोंड होतं. मूठभर बारीक खिळे ते तोंडात टाकत. जीभ एकेक खिळा वेगळा काढी, त्याचं डोकं बाहेर फिरवी आणि ओठांवर आणून ठेवी. चुंबकी हातोडी ओठांपाशी यायची, खिळा उचलायची, लाकडात ठोकायची. टक, टक, टक. एक हात कापड ताणायला मोकळा. पाहणाऱ्याला वाटे, हा माणूस सोफ्याला शिव्या देतोय आणि त्या चिकटतायत.

त्यांच्या उस्तादाने त्यांना ही विद्या कलिंगडाच्या बियांवर शिकवली होती. बी गिळली की कानफटात. बिया सुटल्या, खिळे आले. कानफटात तशीच राहिली. त्या मारातून मास्तर दोन गोष्टी शिकले. खिळा गिळायचा नाही. आणि गिळणाऱ्याला माणसात धरायचं नाही.

तोंडात खिळे असताना त्यांचं बोलणं कोणाला धड कळत नसे. गिऱ्हाइकं माना डोलवत. मास्तर त्यांना तोंडावर मूर्ख म्हणत आणि ती “हो हो, तसंच करा” म्हणून निघून जात. मास्तरांना हे फार आवडे.

खोलीच्या दुसऱ्या टोकाला त्यांचा मेहुणा काम करी. बायकोचा धाकटा भाऊ. तोही मास्तरांच्याच हाताखाली शिकला. तरुणपणी एकदा तोंडात खिळे असताना त्याला शिंक आली आणि एक खिळा आत गेला. धंद्यातला जुना उपाय म्हणून त्याला दिवसभर केळी चारली. खिळा आपल्या वाटेने सुखरूप बाहेर पडला. गोष्ट तिथे संपली असती. पण मास्तरांनी ती संपू दिली नाही. त्यांनी त्याचं नाव लोखंडपोट्या ठेवलं. त्याच्या लग्नात मुलीकडच्या मंडळींना जेवणाच्या पंगतीत ती हकिगत सांगितली. वाढप्याला म्हणाले, “नवरदेवाला केळं वाढा.”

मेहुण्याने तोंडात खिळे घेणं सोडलं. बंदूक घेतली. तेव्हापासून खोलीत दोन आवाज होते. इकडे टक, टक. तिकडे फट, फट.

“बंदुकीने सोफा मढवणं म्हणजे चमच्याने दाढी करणं,” मास्तर म्हणत.

“वेळेत होतो, भाऊजी,” मेहुणा म्हणे.

“फोडणीही वेळेत करपते.”

कारखाना आता मुलगी सांभाळत होती. ऑर्डर तीच घेई, माल तीच पोचवी. तिला त्या तोंडातल्या खिळ्यांची धास्ती होती. एक दिवस तिने सगळ्यांसमोर विषय काढलाच.

“बाबा, बास आता. वय झालं. एखादा आत गेला म्हणजे?”

मास्तरांनी खिळे तळहातावर थुंकले. म्हणजे बोलणं गंभीर होतं.

“ज्या दिवशी माझ्या पोटात खिळा जाईल,” ते म्हणाले, “त्या दिवशी मी स्वतः ती बंदूक हातात घेईन. आणि ह्या लोखंडपोट्याला गुरू म्हणेन. मोठ्याने. कबूल?”

“कबूल,” मुलगी म्हणाली.

“मीही कबूल,” मेहुणा कोपऱ्यातून म्हणाला.

“तुला विचारलंय कोणी?”

पुढे एका जुनाट सोफ्याची धूळ मास्तरांच्या छातीत बसली. निदान त्यांचं मत तसं. खोकला लागला, ताप चढला, कफ पिवळा झाला. मुलीने त्यांना ओढत डॉक्टरकडे नेलं. डॉक्टर म्हणाले, छातीत जंतुसंसर्ग आहे. डॉक्सिसायक्लिन लिहून दिलं.

औषधाच्या दुकानातली बाई हातातलं पाकीट न सोडता समजावू लागली. मास्तरांना पाकीट न सोडणारी माणसंही आवडत नसत.

“सकाळी एक, संध्याकाळी एक. जेवण झाल्यावर. आठवडाभर. बरं वाटलं तरी मधेच सोडायची नाही.”

“हं.”

“पेलाभर पाण्याबरोबर घ्यायची. बसून किंवा उभं राहून. नंतर निदान अर्धा तास आडवं व्हायचं नाही.”

“का? झोपलेल्या माणसाला कॅप्सूल घाबरते?”

“अडकते, काका. अन्ननलिकेत अडकली की तिथेच विरघळते आणि आतून भाजते. शिवाय उन्हात बसू नका, ह्या औषधाने कातडी लवकर करपते. दुधाबरोबर घेऊ नका. ॲसिडिटीच्या गोळीबरोबरही नको, औषध अंगी लागत नाही. मळमळलं, पुरळ आलं, गिळताना दुखलं, तर लगेच डॉक्टरांना सांगा. आणि उरलेली दुसऱ्या कोणाला देऊ नका.”

“बाई,” मास्तर म्हणाले, “हे तोंड रोज मूठभर लोखंड खेळवतं. तुमच्या कॅप्सूलची काय टाप आहे?”

बाईने त्यांच्याकडे एकदा पाहिलं. मग मुलीकडे वळली.

“ताई, तुम्ही तरी ऐकलंत ना?”

“मी ऐकलं. पण गिळणार ते.”

रस्त्यात मास्तर म्हणाले, “एवढ्या सूचना तर विमान चालवायला नसतात.” हे बोलणाऱ्या माणसाने विमान लांबूनसुद्धा नीट पाहिलेलं नव्हतं.

बाईचं एकूण एक वाक्य त्यांनी मोडलं. विसरून नव्हे. मुद्दाम, चवीने. सकाळची कॅप्सूल दुपारवर ढकलली, कारण सकाळी काम असतं. बायको पेला घेऊन मागे उभी राही. मास्तर कॅप्सूल जिभेवर ठेवत, मान झटकत आणि रिकामी जीभ बाहेर काढून दाखवत. एवढी मोठी मिशी आणि हा प्रकार.

“अहो, पाणी.”

“झाडांना घाल.”

आणि लगेच आडवे होत. कारण दुपारी जेवणानंतर तयार सोफ्यावर झोपून पाहणं ही त्यांची जुनी रीत. “डोळा लागला तर सोफा, नाहीतर बाक,” असा त्यांचा निकष. त्या आठवड्यात एका वकिलाचा हिरव्या मखमलीचा लांबलचक सोफा जवळजवळ तयार होता. मास्तर कोरडी कॅप्सूल गिळून त्यावर ताणून देत. रात्रीचीही तशीच. कॅप्सूल आणि उशी यांच्यामध्ये जेमतेम एक जांभई.

एरवी दारातल्या पायरीवर उन्हात बसत. हात कोपरापर्यंत लाल झाले, चुरचुरू लागले.

“रक्त वाढलंय,” ते म्हणाले. “औषध बरं आहे.”

शेजारच्या सुताराची दाढ दुखत होती. त्यालाही एक कॅप्सूल देऊ केली. “घे, भारीतली आहे.” सुतार शहाणा निघाला. नको म्हणाला. मास्तरांनी त्यालाही भित्र्यांत जमा केलं.

मग एका सकाळी चहाचा पहिला घोट खाली उतरताना छातीच्या मधोमध काहीतरी टोचलं. हाडाच्या मागे, खोल. दुसऱ्या घोटाला जास्त टोचलं. मास्तरांनी कप खाली ठेवला.

टोचलं म्हणजे टोक. टोक म्हणजे खिळा. उभा जन्म टोकदार वस्तूंत गेलेल्या माणसाला तिसरं काही सुचलं नाही. आदल्याच दिवशी तोंडात खिळे असताना त्यांना खोकल्याची उबळ आली होती, हेही आठवलं. त्यांनी तोंड दाबून धरलं होतं. सगळे खिळे होते असं तेव्हा वाटलं होतं. आता वाटेना.

कॅप्सूलचा विचार त्यांच्या मनाला शिवलाही नाही. तिला तर त्यांनी हरवलं होतं.

त्यांच्या तोंडचं पाणी पळालं. दुखण्याने नाही, त्या पैजेने. मुलगी बंदूक आणून हातात देईल. मेहुणा खुर्ची टाकून समोर बसेल, हात जोडून घ्यायला. मास्तरांनी ठरवलं, कोणाला कळता कामा नये. जीव गेला तरी चालेल. हा सौदा कोणाही शहाण्याला वेडेपणाचा वाटला असता. त्यांना स्वस्त वाटला.

मग सुरू झाली त्यांची डॉक्टरी. ज्या माणसाने औषधवाल्या बाईचं एक वाक्य ऐकलं नाही, त्याने आता स्वतःचं प्रत्येक वाक्य ऐकलं. खिळ्यावर केळी. म्हणून ते लांबच्या फळवाल्याकडे गेले, ओळखीचा नको म्हणून. केळ्याचा प्रत्येक घास खाली जाताना डोळ्यांतून पाणी काढी. ते भिंतीकडे तोंड करून खात. साली कुठे टाकाव्यात? कचऱ्यात बायको पाही. वकिलाच्या सोफ्याचा एक हात अजून उघडा होता, आतून पोकळ. मास्तर साली त्यात कोंबू लागले.

आणि कॅप्सूल? ती तर आता त्यांनी निष्ठेने घेतली. आत खिळा रुतलाय, जखम पिकायला नको, अँटिबायोटिक कामाचं. पाण्याचा घोट दुखे, म्हणून पहिल्यापेक्षाही कोरडी. छाती जळे, म्हणून वर दूध. त्यावर ॲसिडिटीची गोळी. आणि दुखतंय म्हणून लगेच आडवे. रोज त्याच जागी, त्याच जखमेवर, ते स्वतःच्या हाताने निखारा ठेवत होते आणि त्याला मलम समजत होते.

खोकला होता तिथेच होता. दुधाने आणि गोळीने औषधाचा जोर खाल्ला, त्याला काय करणार?

“अहो, जेवत का नाही?” बायकोने विचारलं.

“चव बिघडलीये.”

“आवाज का बसलाय?”

“तू किती प्रश्न विचारतेस!”

मास्तर तोंडात खिळे घेऊन बसत, पण टक-टक मंदावली. मधेच ते सगळे खिळे तळहातावर काढत, बघत, पुन्हा तोंडात टाकत. पूर्वी हे त्यांनी कधी केलं नव्हतं.

सोफ्याचा उघडा हात बंद करायला मेहुणा आला तेव्हा त्याला वास लागला. त्याने आत हात घातला. काळी पडलेली एक साल निघाली. मग आणखी. त्याने त्या जमिनीवर ओळीने मांडल्या. मग त्याच्या चेहऱ्यावर जे हसू आलं, ते त्याच्या लग्नापासून वाट बघत बसलेलं होतं.

“भाऊजी.”

“काय आहे?”

“वकिलाच्या सोफ्यात काथ्याऐवजी केळी भरायची पद्धत निघालीये का?”

मास्तर उठले. तोंडात खिळे नव्हते, तरी बोलणं स्पष्ट येईना.

“उंदीर असतील.”

“सोलून खाणारे?” मेहुणा टाळी देऊन हसला. “आणि फक्त केळीच? अरे वा! मी म्हटलं मास्तर वाळलेत का. मास्तर उपासाला बसलेत! लोखंडपोट्याच्या घराण्यात अजून एक जन्माला आला म्हणायचा! थांबा, पेढे...”

मास्तरांनी उत्तर द्यायला तोंड उघडलं. उत्तर जिभेवर होतं, चांगलं धारदार. त्याआधी थुंकी गिळावी लागली. ती अर्ध्यावर गेली आणि ते छाती धरून मखमलीवर बसले. चेहरा राखेसारखा झाला. कपाळावर घाम आला.

मेहुण्याचं हसू तुटलं.

“भाऊजी? अहो, भाऊजी! पोरी, गाडी काढ!”

मास्तरांनी त्याचं मनगट पकडलं.

“तिला सांगू नकोस.”

“काय सांगू नको?”

“खिळा.”

मुलगी दारातच उभी होती. तिने ऐकलं. तिने वडिलांकडे ज्या नजरेने पाहिलं ती काळजीची असायला हवी होती. होतीही. पण वरचा थर वेगळा होता.

“म्हणजे इतके दिवस पोटात खिळा घेऊन फिरताय? पैजेसाठी?”

मास्तर गप्प. गिळवत नव्हतं म्हणून, असं त्यांनी नंतर सांगितलं.

रुग्णालयात एक्स-रे काढला. डॉक्टर तरुण होता. त्याने ती काळी फिल्म उजेडात धरली, वर केली, खाली केली.

“कुठला खिळा? इथे काहीच नाही.”

मास्तर खाटेवर ताडकन उठून बसले. “काय म्हणालात?”

“धातूचं काही दिसत नाही. छातीत नाही, पोटात नाही.”

“मोठ्याने म्हणा. हिच्याकडे बघून म्हणा. आणि तो दाराआड उभा आहे ना, त्याला आत बोलवा.”

गळ्यात दोर घातलेला माणूस सुटावा तसे ते खुलले. कोणी तरी त्यांना आठवण करून द्यायला हवी होती की घशाखाली थुंकी अजून उतरत नाही. डॉक्टरने ती दिली.

“मग दुखतं कशाने? औषध कुठलं चालू आहे?”

मुलीने पर्समधून पाकीट काढलं. डॉक्टरने नाव वाचलं आणि भुवया वर गेल्या.

“ही कशी घेता?”

“कशी म्हणजे? तोंडाने.”

“पाणी किती?”

मास्तरांनी छताकडे पाहिलं.

“पाणी झाडांना घालायला सांगतात,” मागोमाग आलेली बायको म्हणाली.

“घेतल्यावर काय करता?”

“सोफा तपासतात,” मेहुणा म्हणाला. “झोपून.”

दुर्बीण घालून पाहिलं. पडद्यावर अन्ननलिका दिसली, गुलाबी, ओली. मध्येच एक पांढरट खोल चट्टा, कडा लाल, जागा कच्ची. डॉक्टरने सांगितलं तेव्हा त्याच्या आवाजात दया फार नव्हती. कॅप्सूल इथे चिकटली. विरघळली. भाजलं. दुसरी आली, ती त्याच जागी. तिसरीही. अजून रेटलं असतं तर रक्त वाहू लागलं असतं. दुखायला लागलं त्याच दिवशी आला असतात तर औषध बदलून काम झालं असतं.

“तुम्हाला समजावलं नव्हतं का कोणी?”

“समजावलं होतं,” मुलगी म्हणाली. “पालथ्या घड्यावर.”

कॅप्सूल बंद झाली. छातीसाठी दुसरं, पातळ औषध दिलं. आम्ल कमी करणारं वेगळं. खाणं काही दिवस मऊ आणि थंड. चट्टा भरेल, डॉक्टर म्हणाला, सांगितलेलं केलंत तर.

मास्तर घरी आले ते एक्स-रे छातीशी धरून. कारखान्याच्या खिडकीच्या काचेवर तो त्यांनी चिकटवला, उजेड मागून येईल असा. येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवत. “बघा. आहे एक तरी खिळा?” फासळ्या दाखवून मिरवणारा माणूस लोकांनी पहिल्यांदाच पाहिला. सुंभ जळाला होता, पीळ तस्साच.

मेहुणा बंदुकीत पिना भरत होता.

“मी निदान लोखंड गिळलं, भाऊजी. तुम्ही चिमूटभर भुकटीने आडवे झालात.”

“खिळा नव्हता.”

“नव्हता ना. खिळा असता तर मी मान दिला असता.”

मुलगी मात्र हसली नाही. पुढच्या तपासणीहून परत आल्यावर तिने खिळ्यांचा डबा उचलला आणि वडिलांसमोर ठेवला.

“पैज तुम्ही जिंकलात. डॉक्टर चट्टा भरला म्हणाले. खुशाल घ्या तोंडात. मी पुन्हा विषय काढणार नाही.”

तिचं हे बोलणं मास्तरांना फार रुचलं नाही. तिने भांडायला हवं होतं.

वकिलाच्या सोफ्याचा हात तेवढा राहिला होता. मास्तरांनी कापड ताणलं. मूठभर खिळे तोंडात टाकले. हातोडी ओठांपाशी आणली.

जीभ हलली नाही.

मग हलली, पण कामासाठी नाही. ती प्रत्येक खिळ्यापाशी जाऊन विचारू लागली, तू आहेस ना? आणि तू? एक ओठांवर आला, हातोडीला चिकटला. ठोकायच्या आधी मास्तर आतले पुन्हा चाचपू लागले. मघा इतकेच होते का? त्यांनी सगळे तळहातावर थुंकले. पुन्हा टाकले. घशात काही नसताना घसा आखडला. त्यांनी पुन्हा थुंकले.

पोटात खिळा कधीच गेला नव्हता. काचेवर पुरावा होता. पण आपण गिळला, असं ते स्वतःच इतके दिवस मानत आले होते. एकदाही त्यांच्या मनात आलं नव्हतं की, माझ्या जिभेकडून असं होणार नाही. जिभेने ते ऐकलं होतं. एक्स-रे तिला दिसत नव्हता.

ते खिळे बशीत ओतून बोटांनी उचलू लागले. पहिल्याच घावाला अंगठा चेचला. कापड सैल पडलं. तिकडे फट, फट चालू होतं. मग तेही थांबलं. सगळेच बघत होते.

बायको पातळ औषध आणि पेला घेऊन आली. मास्तर उठले. उभ्याने औषध घेतलं. पेलाभर पाणी प्यायले, तळापर्यंत. झाडांचं नाव काढलं नाही. मग सोफ्यावर बसले, ताठ, पाठ न टेकता, शाळेत बसवल्यासारखे. ह्या औषधाला तसं बसायची गरजच नव्हती. कोणी त्यांना ते सांगितलं नाही.

बऱ्याच वेळाने त्यांनी हात पुढे केला.

“जड असते का रे ती?”

मेहुण्याने बंदूक उचलली. अर्ध्यावर धरून ठेवली.

“देतो. आधी म्हणा.”

“पैज मी जिंकलोय.”

“मग ठोका की खिळे.”

मुलीने खिडकीबाहेर पाहिलं. मास्तरांनी बशीतल्या खिळ्यांकडे पाहिलं, काचेवरच्या आपल्या फासळ्यांकडे पाहिलं. तोंड रिकामं होतं. घसाही बरा झाला होता. शब्द अडकायला आता काही कारण उरलं नव्हतं.

“गुरू,” ते म्हणाले.

जन्मात पहिल्यांदा त्यांचं बोलणं त्या खोलीत सगळ्यांना एका दमात कळलं.